घरातल्या वायफायवर कॉलचा आवाज तुटतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

व्हॉट्सॲप, गूगल मीट, झूम, मोबाइल कंपनीचं वायफाय कॉलिंग आणि फायबरवरचा लँडलाइन हे सगळे कॉल घरातल्या एकाच राउटरमधून जातात. तो राउटर चार-पाच जण वापरत असले की काही तक्रारी हमखास येतात. पुन्हा पुन्हा विचारले जाणारे असे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर सुटं वाचता येईल, पण कुठलंही सेटिंग बदलण्याआधी प्रश्न ३मधली तपासणी कराच. दोष कुठे आहे ते न पाहता नवा राउटर आणला, तर पैसे बहुतेक वेळा वाया जातात.

१. नुसत्या आवाजाच्या कॉलला नेटचा किती स्पीड लागतो?

फार थोडा. व्हॉट्सॲपसारख्या ॲपला एका दिशेला सेकंदाला ३० ते ५० किलोबिट पुरतात. लँडलाइनच्या पद्धतीचा जी.७११ कोडेक (आवाज डेटात बदलण्याची पद्धत) वापरणारं उपकरण असेल, तर सुमारे ९० किलोबिट लागतात. दोन्ही दिशा मिळून १०० किलोबिट धरले, तर तासभराच्या गप्पांना ४५ एमबी खर्च होतात. व्हिडिओ चालू केला की गरज एकदम १ ते २ एमबीपीएसवर (सेकंदाला मेगाबिट; १ मेगाबिट म्हणजे १००० किलोबिट) जाते.

म्हणून ‘४० एमबीपीएसचा प्लॅन १००चा केला तर आवाज सुधारेल का?’ या प्रश्नाचं उत्तर बहुतेक घरांत ‘नाही’ असंच आहे. कारण पुढच्या उत्तरात.

२. स्पीड टेस्ट १०० एमबीपीएस दाखवते, तरी आवाज का तुटतो?

स्पीड टेस्ट दहा-पंधरा सेकंदांत किती माल वाहून नेता येतो ते मोजते. कॉलचा माल चिमूटभर असतो, पण तो वेळेवर पोचावा लागतो. तुमचा आवाज साधारण २० मिलिसेकंदांच्या तुकड्यांत कापला जातो, म्हणजे सेकंदाला ५० पॅकेट जातात आणि ५० येतात. समोरचं ॲप प्रत्येक पॅकेटची थोडी वाट बघतं आणि फार उशिरा आलेलं पॅकेट सरळ टाकून देतं. ती रिकामी जागा अंदाजाने भरली जाते, तेव्हा आवाज रोबोसारखा येतो. शंभरात एखादं पॅकेट हरवलं तर कळतही नाही. तीन ते पाच हरवू लागली की शब्द अर्धवट ऐकू येतात.

उशीर होतो तो रांगेमुळे. घरातल्या सगळ्यांची पॅकेट राउटरच्या एकाच दारातून बाहेर पडतात. पिठाच्या गिरणीत कोणी चाळीस किलोंचं पोतं उतरवलं की मागे अर्धा किलो नाचणी घेऊन आलेल्यालाही थांबावं लागतं, तसंच इथे होतं. घरातल्या कोणाच्या फोनने लग्नाचे व्हिडिओ गूगल फोटोजवर चढवायला घेतले की राउटरच्या अपलोडच्या रांगेत पोती साचतात. हिशोब करून पाहा: रांगेत १ एमबी डेटा साचला आहे आणि अपलोड २ एमबीपीएस आहे. १ एमबी म्हणजे ८ मेगाबिट, भागिले २, म्हणजे ४ सेकंद. तुमचं ‘हॅलो’ चार सेकंद रांगेत उभं राहतं. या दुखण्याला बफरब्लोट म्हणतात. लाइन भरलेली नसताना ते दिसतच नाही, म्हणून नेटवाल्याचा माणूस येऊन टेस्ट करतो तेव्हा सगळं ठीक निघतं.

तपासायला सोपी जागा म्हणजे फास्ट डॉट कॉम. तिथे जास्त माहितीचं बटण दाबलं की ‘अनलोडेड’ (लाइन मोकळी असताना) आणि ‘लोडेड’ (लाइन भरलेली असताना) असे लेटन्सीचे, म्हणजे पॅकेटला जाऊन यायला लागणाऱ्या वेळेचे, मिलिसेकंदांतले दोन आकडे दिसतात. सेटिंगमध्ये जाऊन अपलोडच्या वेळीही लेटन्सी मोजण्याची खूण करा. पहिला आकडा १५ आणि दुसरा ४० असेल तर काळजी नको. दुसरा ३००च्या पुढे गेला, तर तुमच्या घरातली अडचण बहुधा हीच आहे. उपाय प्रश्न ८मध्ये.

३. दोष वायफायचा, राउटरचा की बाहेरच्या लाइनचा, हे घरच्या घरी कसं ओळखायचं?

एकाच वेळी दोन ठिकाणी पिंग करून, म्हणजे छोटं पॅकेट पाठवून उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजून. विंडोज लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्टच्या दोन खिडक्या उघडा. आधी ‘आयपीकॉन्फिग’ ही आज्ञा इंग्रजी लिपीत टाइप करा. ‘डिफॉल्ट गेटवे’समोर राउटरचा पत्ता दिसेल, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. मग पहिल्या खिडकीत राउटरच्या पत्त्याला पिंग लावा आणि दुसऱ्या खिडकीत ८.८.८.८ या पत्त्याला (हा बाहेरचा, गूगलचा सर्व्हर). पत्त्यानंतर एक जागा सोडून वजाचिन्ह आणि टी हे अक्षर जोडलं की पिंग थांबवेपर्यंत चालू राहतो. थांबवायला कंट्रोल आणि सी. दोन्ही खिडक्या शेजारी ठेवा आणि आवाज तुटतो त्याच खोलीतून, त्याच वेळी, पाच मिनिटं कॉल करा.

राउटरचा पिंग एरवी १ ते १० मिलिसेकंद असतो. तोच मधूनमधून १५०-२००वर उडत असेल किंवा ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ येत असेल, तर दोष वायफायचा आहे. प्रश्न ४ ते ६ पाहा.

राउटरचा पिंग स्थिर आहे, पण घरातलं कोणीतरी नेट जोरात वापरू लागल्यावरच बाहेरचा पिंग चढतो? मग ती रांग आहे. प्रश्न ७ आणि ८.

घरातली बाकी सगळी उपकरणं बंद करूनही बाहेरचा पिंग उड्या मारत असेल, तर लाइन किंवा नेट कंपनी. प्रश्न ५ आणि १७.

दोन्ही स्थिर आणि तरी आवाज खराब असेल, तर हेडसेट, फोन, ॲप किंवा समोरची बाजू. प्रश्न ९, १० आणि १८.

फोनवरच्या ॲपने पिंग करणार असाल तर स्क्रीन चालू ठेवा. बॅटरी वाचवायला फोनचं वायफाय क्षणभर डुलकी घेतं आणि राउटरचा पिंग उगाच ८०-१०० दिसतो. काही राउटर स्वतःच्या पिंगला कामातून सवड मिळाली की उत्तर देतात. म्हणून एखादी सुटी उडी मोजू नका, सलग दिसणारा कल बघा. शक्य असेल तर हीच चाचणी एकदा लॅनची वायर लावून करा. वायरवर सगळं स्थिर झालं, तर वायफायवरचा संशय पक्का झाला.

४. हॉलमध्ये कॉल छान होतो, आतल्या खोलीत गेलं की तुटतो. काय करावं?

कोकणातली जांभ्याची भिंत, जुन्या वाड्याची दीड-दोन फुटांची भिंत आणि इमारतीचा आरसीसी स्लॅब या तिन्ही गोष्टी वायफायचा जोर चांगलाच कमी करतात. लोखंडी कपाट, मोठा आरसा आणि पाण्याची टाकी हे तर जवळजवळ पडदेच. केबलवाला राउटर जिथे लावतो ती जागा त्याच्या वायरच्या सोयीची असते, बहुधा दाराजवळ किंवा टीव्हीच्या मागे. राउटर घराच्या मध्याकडे, जमिनीपासून चार-पाच फूट उंच, उघड्यावर ठेवा. फायबरची पिवळी किंवा काळी बारीक वायर स्वतः ओढून वाढवू नका. राउटर वेगळा असेल तर फायबरचा डबा तिथेच राहू द्या आणि डब्यापासून राउटरपर्यंत लॅनची वायर न्या. कॅट ५ई वायर १०० मीटरपर्यंत चालते.

फोनमध्ये वायफाय ॲनालायझर प्रकारचं ॲप टाकून खोलीतला सिग्नल डीबीएममध्ये (सिग्नलच्या जोराचं एकक) मोजा. उणे ६५ किंवा त्याहून शून्याच्या जवळचा आकडा कॉलसाठी चांगला. उणे ७५च्या खाली गेलं की आवाज तुटणारच. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा जवळ उत्तम चालतो, पण भिंतीपुढे लवकर दमतो. २.४ गिगाहर्ट्झ लांब जातो, पण तिथे गर्दी असते. दोन्ही पट्ट्यांना एकच नाव दिलं असेल, तर चालता चालता फोन पट्टा बदलतो आणि तेवढ्यात एक-दोन सेकंद आवाज जातो. दोन नावं वेगळी ठेवून पाहा.

५. दिवसभर ठीक, रात्री ८ ते ११मध्येच आवाज का बिघडतो?

कारणं दोन असू शकतात. त्यांचे उपाय वेगळे आहेत, म्हणून आधी प्रश्न ३ची चाचणी रात्री ९ वाजता करा.

राउटरचा पिंग उडत असेल तर शेजारपाजारची वायफाय एकमेकांवर आदळत आहेत. सोसायटीत तुमच्या फोनला वीस-पंचवीस नावं दिसत असतील, तर २.४ गिगाहर्ट्झवर स्वच्छ जागा मिळणं अवघडच. या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. त्यांपैकी सर्वांत मोकळा निवडा आणि चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. ४० ठेवली तर शेजाऱ्याचाही त्रास वाढतो आणि तुमचाही. ३ किंवा ८ असा मधला चॅनेल घेऊ नका, त्याला दोन्हीकडचा गोंगाट ऐकू येतो. कॉलचा फोन ५ गिगाहर्ट्झवर नेता आला तर सर्वांत बरं. तिथे ३६ ते ४८ हे चॅनेल कॉलसाठी भरवशाचे. ५२पासून १४४पर्यंतचे चॅनेल रडारसोबत वाटून घ्यावे लागतात. रडारचा संशय आला की राउटरला ते तातडीने सोडावे लागतात आणि चालू कॉल मध्येच अडखळतो. मायक्रोवेव्ह ओव्हनही २.४च्याच पट्ट्यात काम करतो. दूध गरम करताना नेमका आवाज जात असेल तर कोडं सुटलं.

राउटरचा पिंग स्थिर आणि बाहेरचा चढत असेल, तर गर्दी नेट कंपनीच्या बाजूला आहे. त्यावर राउटरमध्ये काहीच करता येत नाही. प्रश्न १७प्रमाणे पुरावा जमवा.

६. रिपीटर लावला, रेंजच्या दांड्या पूर्ण दिसतात, तरी आवाज तुटतोच. का?

दांड्या फोन आणि रिपीटरमधला सिग्नल दाखवतात. रिपीटर आणि राउटरमध्ये काय चाललं आहे ते त्यांतून कळत नाही. साधा रिपीटर एकाच रेडिओवर ऐकतो आणि तेच पुन्हा बोलतो, त्यामुळे क्षमता निम्मी होते आणि प्रत्येक पॅकेटला हवेत दोनदा जागा शोधावी लागते. तो जिथे नेट येत नाही तिथे लावू नका. राउटरचा सिग्नल अजून उणे ६०-६५ आहे अशा अर्ध्या वाटेवर लावा. वायर नेता येत असेल तर जुना राउटर ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये (तेव्हा तो फक्त वायफाय देतो) टाकून दुसऱ्या टोकाला बसवणं सर्वांत चांगलं. मेशची (एकच वायफाय घरभर देणाऱ्या डब्यांची) महाग जोडीही आपसात वायरने जोडली की खऱ्या अर्थाने चालते.

७. घरात नक्की कोण नेट खातंय, हे कसं शोधायचं?

राउटरच्या पानावर किंवा त्याच्या ॲपमध्ये जोडलेल्या उपकरणांची यादी असते. बऱ्याच राउटरमध्ये प्रत्येकासमोर चालू वेगही दिसतो. डाउनलोडकडे नाही, अपलोडकडे बघा. नेहमीचे गुन्हेगार ठरलेले: फोटो-व्हिडिओचा बॅकअप, क्लाउडवर सतत चित्रण पाठवणारा सीसीटीव्ही कॅमेरा (एक कॅमेरा सहज १ ते २ एमबीपीएस घेतो), लॅपटॉपवरचं वनड्राइव्ह किंवा गूगल ड्राइव्ह, आणि टॉरेंट. ओटीटीवर सिनेमा बघणाऱ्याला आधी दोष दिला जातो, पण त्याचा भार जवळपास सगळा डाउनलोडचा असतो.

यादी दिसत नसेल तर बाहेरचा पिंग चालू ठेवून एकेका उपकरणाचं वायफाय बंद करत जा. ज्याच्यानंतर आकडा खाली बसला, ते उपकरण सापडलं. बॅकअप रात्री २ वाजता किंवा फक्त चार्जिंगवर चालेल असा लावा आणि कॅमेऱ्याचं रेझोल्युशन एक पायरी उतरवा. अर्ध्या घरांत एवढ्यावर भागतं.

८. राउटरमधलं क्यूओएस (कोणाच्या डेटाला आधी वाट द्यायची ते ठरवणारी सोय) कसं लावायचं? कुठले आकडे भरायचे?

राउटरमध्ये ‘एसक्यूएम’, ‘केक’ किंवा ‘एफक्यू-कोडेल’ अशी नावं दिसली तर तेच वापरा. ही पद्धत प्रत्येक प्रवाहाला वेगळी छोटी रांग देते, त्यामुळे पोत्यामुळे पुडी अडकत नाही. ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीची मोफत प्रणाली) चालणाऱ्या राउटरवर ती मोफत मिळते.

आधी लॅनची वायर लावून, गर्दीच्या वेळी, तीनदा स्पीड टेस्ट करा. तिन्हींतला सर्वांत कमी अपलोड आणि सर्वांत कमी डाउनलोड घ्या. दोन्हींच्या ८५ ते ९० टक्के आकडा राउटरमध्ये भरा. अपलोड १० एमबीपीएस आला असेल तर ८.५ ते ९. राउटरमध्ये एकक किलोबिट असेल तर ८५०० ते ९०००. मग प्रश्न २मधली लोडेड लेटन्सी पुन्हा मोजा. अजून चढत असेल तर आकडा पाच टक्क्यांनी आणखी उतरवा.

स्वतःच्याच लाइनचा वेग कमी करणं पटत नाही, म्हणून लोक इथेच अडतात. पण रांग कंपनीच्या डब्यात साचली तर तिच्यावर तुमचा ताबा नसतो. वेग किंचित कमी ठेवला की रांग तुमच्या राउटरमध्ये तयार होते आणि तिथे तिची नीट वाटणी करता येते. १०० टक्के भरलं तर क्यूओएस चालू असून नसल्यासारखं.

दोन अडचणी येतात. स्वस्त राउटरचा प्रोसेसर हे काम जास्त वेगावर झेपवत नाही. ३००च्या लाइनवर क्यूओएस लावताच वेग १२०वर आला तर कारण हेच. अशा वेळी फक्त अपलोडवर लावा. दुसरी अडचण म्हणजे कंपनीच्या डब्यात ही सोयच नसणं. मग निदान प्रत्येक उपकरणाला अपलोडची मर्यादा घालता येते का बघा, किंवा डबा ब्रिज मोडमध्ये (राउटरचं काम सोडून तो फक्त लाइन पुढे देतो) टाकायला सांगून मागे स्वतःचा राउटर लावा.

‘व्हॉइस प्रायॉरिटी’ किंवा डीएससीपी ४६ची खूण (आवाजाच्या पॅकेटवर लावली जाणारी) यावर फार विसंबू नका. ती खूण घराच्या आत उपयोगी पडते. इंटरनेटवर बाहेर पडल्यावर तिला सहसा कोणी मान देत नाही.

९. मला माझाच आवाज परत ऐकू येतो. माझा फोन बिघडलाय का?

नाही. प्रतिध्वनी ज्याला ऐकू येतो, त्याच्या समोरच्या बाजूला तो तयार होतो. समोरच्याने स्पीकर मोठा ठेवला आहे आणि तुमचा आवाज त्याच्या माइकमध्ये परत शिरतो आहे. त्यांना स्पीकर बंद करायला किंवा वायरचा हेडफोन लावायला सांगा. एकाच खोलीत दोघं एकाच मीटिंगमध्ये असतील तर एकाचा माइक आणि स्पीकर दोन्ही बंद हवेत, नुसता माइक नव्हे.

१०. मला त्यांचं ऐकू येतं, त्यांना माझं अजिबात नाही. असं एकाच बाजूने का होतं?

आधी साधं तपासा: ॲपला माइकची परवानगी आहे का, फोनच्या झटपट सेटिंगमधला ‘माइक ॲक्सेस’ बंद तर नाही, ब्लूटूथ हेडसेट दुसऱ्या खोलीत चालू राहून माइक त्यानेच तर धरला नाही.

हे ठीक असेल तर वायफाय बंद करून मोबाइल डेटावर तोच कॉल करा. डेटावर दोन्ही बाजू ऐकू आल्या तर अडचण राउटरमधल्या नॅटची किंवा फायरवॉलची. घरातल्या सगळ्यांचा बाहेरचा पत्ता एकच असतो आणि कोणतं पॅकेट कोणाचं हे नॅट लक्षात ठेवतो. व्हॉट्सॲप, मीट, झूम थेट वाट सापडली नाही तर मधल्या सर्व्हरमार्फत कॉल वळवतात, म्हणून त्यांच्यात हा दोष क्वचित दिसतो. एसआयपी (इंटरनेटवरून फोन जोडण्याची पद्धत) वापरणारा फोन, ऑफिसचा सॉफ्टफोन (संगणकावरचं फोनचं ॲप) किंवा लँडलाइनचा अडॅप्टर (साधा फोन नेटला जोडणारा डबा) असेल तर हा दोष नेहमीचाच. राउटरमध्ये ‘एसआयपी एएलजी’ शोधा आणि बंद करा. मदतीसाठी बनवलेली ही सोय पॅकेटमधले पत्ते चुकीचे बदलते. बंद केल्यावर राउटर आणि फोन दोन्ही पुन्हा सुरू करा. मात्र कंपनीच्या डब्यालाच टेलिफोनची वायर थेट लावली असेल, तर तिथल्या व्हॉइस सेटिंगला हात लावू नका.

११. कॉल दर वेळी बरोबर अर्ध्या मिनिटाने किंवा बरोबर १५ मिनिटांनी कटतो. योगायोग आहे का?

मुळीच नाही. घड्याळ लावल्यासारखा कटणारा कॉल हे एसआयपीचं दुखणं आहे आणि आकड्यावरूनच निदान होतं.

३२ सेकंदांच्या आसपास कटत असेल तर कॉल उचलल्याची पोच दुसऱ्या बाजूला मिळालेली नाही. उचलणारं उपकरण उत्तर पुन्हा पुन्हा पाठवतं आणि ठरलेल्या ३२ सेकंदांनी नाद सोडतं. एसआयपी एएलजी बंद करा आणि अडॅप्टरमध्ये स्टन सर्व्हर (अडॅप्टरला त्याचा बाहेरचा पत्ता सांगणारा) भरा.

१५ मिनिटांनी कटत असेल तर सेशन टायमर. नेहमीची मुदत १८०० सेकंद असते आणि निम्म्या वेळेला, म्हणजे ९०० सेकंदांनी, कॉल चालू असल्याची खात्री केली जाते. तोपर्यंत राउटरने ती वाट विसरून बंद केलेली असते. अडॅप्टरमध्ये ‘कीप अलाइव्ह’ (वाट उघडी ठेवणारा छोटा निरोप) २० ते २५ सेकंदांवर ठेवा. पुष्कळ राउटर यूडीपीची (कॉलची पॅकेट सहसा या पद्धतीने जातात) वाट ३० सेकंद शांतता दिसताच पुसतात, म्हणून त्याच्या आत.

१२. आमच्याकडे दोन राउटर एकामागे एक आहेत. त्याचा कॉलवर परिणाम होतो का?

होऊ शकतो. तुमच्या राउटरच्या पानावर ‘वॅन आयपी’ (राउटरचा बाहेरच्या बाजूचा पत्ता) बघा. तो १९२.१६८ने सुरू होत असेल तर वर आणखी एक राउटर आहे. १००.६४ ते १००.१२७मध्ये असेल तर कंपनीने अनेक ग्राहकांना एकाच बाहेरच्या पत्त्यामागे ठेवलं आहे. ॲपचे कॉल त्यातूनही होतात, फक्त कधी लांबच्या वाटेने जाऊन थोडा उशीर वाढतो. त्रास होतो तो अडॅप्टरवर येणाऱ्या कॉलना. दुसरा राउटर ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये टाका. कंपनीच्या बाजूचं असेल तर स्थिर सार्वजनिक पत्ता मागता येतो. त्याला बहुधा वेगळे पैसे पडतात. राउटरमध्ये आयपीव्ही६ (इंटरनेटच्या पत्त्यांची नवी पद्धत) बंद असेल तर चालू करून पाहा, त्यात ही नॅटची भानगडच नसते.

१३. कॉल येऊन जातो, रिंगच वाजत नाही. नंतर ‘मिस्ड कॉल’ दिसतो.

बहुतेकदा फोनची बॅटरी-बचत. ॲपच्या माहितीत जाऊन बॅटरीचं ‘अनरिस्ट्रिक्टेड’ निवडा आणि ‘ऑटोस्टार्ट’ असेल तर चालू करा. मोबाइल डेटावर रिंग वाजते आणि घरच्या वायफायवरच वाजत नाही, असं असेल तर राउटर बघा. अँड्रॉइडला जाग आणणारा निरोप टीसीपीच्या ५२२८ ते ५२३० या पोर्टांवरून (डेटाच्या क्रमांक दिलेल्या दारांवरून) येतो, आयफोनला ५२२३वरून. मुलांसाठी लावलेला फिल्टर किंवा जाहिराती अडवणारा डीएनएस (नावावरून इंटरनेटचा पत्ता शोधून देणारी सेवा) हे रोखत असतो.

१४. घरात टॉवरची रेंज नाही म्हणून वायफाय कॉलिंग चालू केलं, पण ते लागत नाही.

भारतात एअरटेलने डिसेंबर २०१९मध्ये आणि जिओने जानेवारी २०२०मध्ये ही सोय सुरू केली. यात ॲप लागत नाही, नेहमीच्याच नंबरवरून कॉल जातो. फोन कंपनीपर्यंत एक कुलूपबंद बोगदा तयार करतो आणि त्यासाठी यूडीपीचे ५०० आणि ४५०० हे पोर्ट मोकळे लागतात. राउटरमध्ये ‘आयपीसेक पासथ्रू’ चालू ठेवा, फोनमधला व्हीपीएन बंद करा.

खात्री करायला विमान मोड लावून फक्त वायफाय चालू करा. मिनिटाभरात वर वायफाय कॉलिंगची खूण आली तर जोडणी ठीक आहे. मग खरी अडचण अशी असते की घरात टॉवरची एखादी दांडी येते-जाते आणि फोन तिला चिकटून बसतो. सेटिंगमध्ये ‘वायफायला प्राधान्य’ निवडा. दाराबाहेर पडताच कॉल कटणं हेही याच अदलाबदलीचं लक्षण.

१५. अमेरिकेतल्या मुलीशी बोलताना आम्ही दोघं एकदमच बोलतो आणि एकदमच थांबतो. राउटर बदलू का?

नको. हे अंतर आहे. मुंबई ते न्यूयॉर्क सरळ रेषेत सुमारे १२,५०० किलोमीटर आणि काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे एका दिशेला किमान ६० मिलिसेकंद, आणि समुद्राखालच्या केबलची वाट सरळ नसल्यामुळे प्रत्यक्षात शंभरच्या आसपास. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार एका दिशेचा उशीर १५० मिलिसेकंदांपर्यंत असला तर संभाषण सहज होतं; ४०० हद्द आहे. १०० तर वाटेतच गेले, उरलेल्या पन्नासात पॅकेट कापणं, ॲपची प्रतीक्षा आणि दोन्हीकडची वायफाय बसवायची.

म्हणून जे हातात आहे ते वाचवा. ब्लूटूथऐवजी वायरचा हेडफोन लावा. ब्लूटूथ एकट्याने शंभर-दोनशे मिलिसेकंद खाऊ शकतो. व्हीपीएन बंद ठेवा. घरातली रांग आवरा (प्रश्न ८). कधी वाटच लांबते: सप्टेंबर २०२५मध्ये जेद्दाजवळ समुद्राखालच्या केबल तुटल्या तेव्हा भारतातही नेट मंदावलं होतं. अशा दिवसांत घरातली सेटिंगं बदलत बसू नका.

दुबई-अबूधाबीला मात्र व्हॉट्सॲपचा कॉल मुळात लागतच नसेल, तर तो उशीर नाही, संयुक्त अरब अमिरातीचा नियम आहे. तिथे बोटिमसारखी परवाना असलेली ॲप चालतात.

१६. लाइट गेली तरी कॉल चालू राहावा म्हणून काय लागेल?

राउटरचा छोटा यूपीएस. अडॅप्टरवरचा व्होल्ट आणि अँपिअरचा आकडा वाचूनच घ्या. बहुतेक डबे १२ व्होल्टचे असतात, पण काही ९चेही असतात. फायबरचा डबा आणि राउटर वेगळे असतील तर दोन्हींना वीज हवी. दोघं मिळून १० वॉट घेत असतील, तर ८००० एमएएचचा यूपीएस (३.७ व्होल्टच्या हिशोबाने सुमारे ३० वॉट-तास) गळती धरून अडीच तास चालेल.

यूपीएस आहे तरी लाइट जाताच नेट जातं, अशी तक्रार बरेच जण करतात. घरापर्यंत थेट फायबर असेल तर वाटेत वीज लागत नाही. पण गल्लीतल्या स्विचमधून लॅनची वायर घरात आली असेल, तर तो स्विच त्या इमारतीच्या विजेवर असतो. तिथल्या केबलवाल्याशीच बोलावं लागेल.

यूपीएसवर विसंबून एक गोष्ट विसरू नका: आपत्कालीन ११२ क्रमांक व्हॉट्सॲपवरून लागत नाही. तो फोनच्या नेहमीच्या डायलरवरूनच लावा.

१७. नेट कंपनीकडे तक्रार करताना काय सांगावं, म्हणजे ‘राउटर रिस्टार्ट करा’च्या पुढे गाडी जाईल?

‘नेट स्लो आहे’ म्हणू नका. वायरने जोडलेल्या लॅपटॉपवर, बाकी उपकरणं बंद ठेवून, तीन वेगवेगळ्या वेळी प्रत्येकी १०० पिंग घ्या. राउटर आणि ८.८.८.८ या दोन्हींचे आकडे, तारीख, वेळ आणि हरवलेल्या पॅकेटची टक्केवारी लिहून पाठवा. फायबरच्या डब्याच्या पानावर प्रकाशाचा ‘आरएक्स पॉवर’ दिसत असेल तर तोही द्या. उणे ८ ते उणे २७ डीबीएम ही चालणारी मर्यादा. उणे २७च्या पलीकडे गेला असेल तर कुठेतरी वायर वाकली, कुरतडली गेली किंवा जोड मळला आहे. ‘लॉस’चा लाल दिवा लुकलुकत असेल तर प्रकाश पोचतच नाही, तेव्हा पिंगची गरज नाही, माणूसच यायला हवा.

ट्रेसराउट (पॅकेट कुठल्या टप्प्यांतून जातं ते दाखवणारी चाचणी) जोडत असाल तर एक जपा. मधल्या एखाद्या टप्प्याचा आकडा मोठा आणि शेवटचा आकडा छान असेल, तर तो दोष नाही; तो टप्पा पिंगला फुरसतीने उत्तर देतो एवढंच. उशीर एका टप्प्यापासून सुरू होऊन शेवटपर्यंत टिकला, तरच तो पुरावा.

१८. राउटर घरमालकाचा आहे, पासवर्ड नाही. किंवा सगळं ठीक करूनही एकाच माणसाशी बोलताना तुटतं. आता?

पेइंग गेस्ट म्हणून किंवा भाड्याच्या खोलीत राहत असाल तर आपला छोटा राउटर मागे लावून क्यूओएस करण्याचा मोह होतो. त्याने फक्त तुमच्या खोलीतली रांग सुधारते. बाकी सहा जणांची पोती मालकाच्या राउटरवर साचतच राहतात. रांग जिथे तयार होते, उपाय तिथेच लागू पडतो. मालकाला प्रश्न ८ दाखवा. तोवर ५ गिगाहर्ट्झ वापरा, व्हिडिओ बंद ठेवा आणि मुलाखतीसारखा महत्त्वाचा कॉल मोबाइल डेटावर करा.

एकाच व्यक्तीशी तुटत असेल, बाकी सगळ्यांशी नीट होत असेल आणि तुमचे दोन्ही पिंग स्थिर असतील, तर दोष त्यांच्या घरी आहे. त्यांना पाच मिनिटं मोबाइल डेटावर यायला सांगा. आवाज सुधारला तर प्रश्न ३ची चाचणी त्यांना त्यांच्या घरी करावी लागेल.